दिग्रसला समुद्र चढला

जवळ सरका बघू, म्हणजे व्हिडिओ कॉलवर सगळे दिसाल, आणि हातातला तो दुसरा फोन आधी पालथा ठेवा. शहरात गेलात की तुम्हाला होतं तरी काय? तुमची आत्या या वयात कोकणातून उठून यवतमाळ जिल्ह्यात जाऊन आली, आणि तुमच्यापैकी एकाने तरी विचारलं का, आत्या, काय पाहिलंस, काय खाल्लंस? नुसते अंगठे पाठवलेत. ते काय भाजून खाऊ?

तर ऐका. आपल्या दादाच्या मंदारला पुण्यात नोकरीच्या ठिकाणी रोशनी भेटली. मुलगी दिग्रसची. दोघांनी आपसात ठरवलं, घरी सांगितलं, फोटो पाठवले. फोटोत आपली ओटी, ओटीमागे माड आणि माडांमागे समुद्र. तो पाहूनच रोशनीचे वडील उत्तमराव बिथरले. म्हणाले, "समुद्र चढून राह्यला म्हणते. बुडत्या घरात पोट्टी (मुलगी) देऊ काय मी?"

दादा इकडे लाल. "माझ्या पणजोबापासून समुद्र तिथल्या तिथे आहे!" हा गेला असता तर भांडूनच आला असता, म्हणून मला पाठवलं. निघताना बजावलं, "समुद्राबद्दल तिकडे तोंड उघडायचं नाही." आता तुम्हाला ठाऊकच आहे, खालची माडांची रांग उधाणाने वाळूत आडवी केली आहे आणि विहीर चैत्रात मचूळ लागते. दादाला विचारा. तो म्हणेल, माड म्हातारे झाले होते आणि विहीर उपसली नाही.

रात्रभर रेल्वे, मग एसटी, यवतमाळला गाडी बदलून दुसरी एसटी. फेब्रुवारी सरत आला होता, तरी ऊन असं की खिडकीच्या दांड्याला हात लावू नये. दोन्हीकडे काळी जमीन, कापूस वेचून उरलेल्या पऱ्हाट्या (कपाशीची वाळकी झाडं), मध्येच पानं झडलेला साग. शेजारी बसलेल्या बाईने माझ्या पिशवीतल्या नारळांकडे पाहून विचारलं, "कुठच्या जी तुमी?"

"समुद्राकाठच्या."

"अगं माय! मंग ते बुडून राह्यलं म्हणते, ते तुमचंच काय?"

"बुडाले असते तर तिकीट कोणी काढलं असतं, बाई?"

झालं. पुढच्या सीटवरचा फेटेवाला मागे वळला. "काही बुडत गिडत नाही. सब मोबाइलचं खूळ हाय." त्याच्या शेजारचा म्हणाला, "तुमाले काय ठाव? तुमी तं तळ्यात पाय नाही टाकत." अर्धी गाडी इकडे, अर्धी तिकडे. अख्ख्या गाडीत समुद्र पाहिलेली मी एकटी, आणि मला कोणी बोलू देईना! शेवटी कंडक्टर ओरडला, "ज्याले बुडाचं त्यानं दारव्ह्याले उतरा. बाकीचे चूप बसा."

दिग्रसच्या स्टँडवर रोशनीचे काका आले होते. बाळूभाऊ. पांढरा पायजमा, तोंडात पान, आणि मला पाहताच हात जोडून, "आत्याबाई, मी तुमच्या पार्टीत. समुद्र बिलकूल चढून नाही राह्यला." आपला माणूस भेटला म्हणून मी सुखावले. त्याने मला आधी तर्री-पोहे खायला नेलं. तर्री म्हणजे हरभऱ्याचा लालभडक रस्सा, पोह्यांवर ओततात. मी कोकणातल्या माणसाच्या हिशेबाने चांगला ओतून घेतला. दुसऱ्या घासाला डोळ्यांतून, नाकातून धारा. बाळूभाऊ टपरीभर ओरडला, "पाहा! चढला समुद्र!"

घरी जायचं सोडून त्याने मला बाजारात मिरवलं. जिनिंगकडे (सरकी काढायच्या गिरणीकडे) जाणाऱ्या कापसाच्या गाड्या, रस्त्याकडेच्या बाभळींना अडकलेला कापूस. आपल्याकडे उधाणानंतर दगडांना फेस चिकटतो ना, अगदी तसा. लिंबू-सरबताच्या गाडीपाशी उत्तमराव आधीच उभे होते. बारीक अंगाचे, शांत. भावाभावांचा वाद कितीतरी दिवस याच गाडीपाशी चालला होता, आणि ऐकणारे ठरलेले होते. आज साक्षीदार आला म्हणून गर्दी जास्त.

बाळूभाऊने एक ग्लास मागवला. काठापर्यंत सरबत, वर तरंगता बर्फ. "आता पाहा," तो म्हणाला. "बर्फ वितळते म्हणून समुद्र वाढते म्हणता ना?" सगळे ग्लासाकडे बघत उभे राहिले. बर्फ विरघळला. थेंब सांडला नाही. टाळ्या पडल्या. "घ्या! एवढा बर्फ वितळला, वाढलं काय पाणी?"

उत्तमरावांनी वाकून ग्लासाचा काठ पाहिला. त्यांचा चेहरा सैल पडायला लागला होता. आता 'हो' म्हणतात असं वाटलं. मी चार शब्द गोड बोलून घरी चला म्हणायचं, बस्स.

पण पोरांनो, तुमच्या आत्याचा स्वभाव. मी म्हटलं, "बाळूभाऊ, हा बर्फ तर आधीपासून ग्लासातच होता हो. जमिनीवर बसलेल्या बर्फाचं काय?" आणि गोणपाटाखालच्या लादीचा एक चांगला तुकडा उचलून दिला ग्लासात सोडून. सरबत भसकन उतू गेलं, ते सरळ त्याच्या पांढऱ्या पायजम्यावर.

बाजार हसून लोळला. दादाने तोंड उघडू नको सांगितलं होतं. हाताचं काही बोलला नव्हता. हसून झाल्यावर मात्र मला उत्तमरावांचा चेहरा दिसला. त्यांनी हळूच विचारलं, "म्हंजे चढून राह्यला?"

इतक्या जणांत माझ्याने खोटं बोलवेना. माड सांगितले, विहीर सांगितली. बाळूभाऊ पायजमा झटकत म्हणाला, "आत्याबाई, काहून (का) केलं जी असं? तुमच्याच पोराचं लगन मोडलं तुमी!"

घरी जेवायला वाढलं होतं, ज्वारीची भाकर आणि वांग्याचं भरीत, पण मी भरीत नुसतं ताटात इकडून तिकडे सारत होते. रोशनी रजा घेऊन आली होती. ती समोर बसून भाकरीचे तुकडे करत होती आणि खात नव्हती. उत्तमराव म्हणाले, "आत्याबाई, राग नका मानू. आमचा तांडा (बंजारा वस्ती) पुसदकडे धरणात गेला. मी लहान होतो. पाण्यात गेलेलं घर मी पाह्यलं हाय. पोरीले ते नाही दाखवाचं मले."

मी ताट बाजूला सारलं.

तेव्हा भिंतीशी बसलेल्या त्यांच्या आई बोलल्या. घरात सगळे त्यांना याडी (आई) म्हणतात. हातभर बांगड्या, आवाज खणखणीत. "उत्तम, पाणी आलं तवा आपून काय केलं?"

"वर आलो."

"दारं आनली, खिडक्या आनल्या, चुलीचे दगड बी आनले. पाणी आपल्या मांगं धावत आलं काय? नाही ना?" मग माझ्याकडे वळल्या. "समुद्र चढते, ते समजलं. तुमचा भाऊ चढते काय?"

मला हसूही आलं आणि रडूही. "तोच चढत नाही हो," मी म्हटलं. "वर सड्यावर (डोंगरावरच्या कातळी पठारावर) आमची चांगली मोकळी जागा आहे. पण हलायचं म्हणजे समुद्र चढला असं कबूल करायचं, आणि ते तो मेला तरी करणार नाही."

"कबूल कोन कराले सांगून राह्यलं? घर वर बांधा, पोट्टी घेऊन जा. समुद्राचं नाव बी नका काढू."

उत्तमरावांनी रोशनीच्या ताटात भरीत वाढलं. मग म्हणाले, "पायवा (घराचा पाया) घातल्याचा फोटो पाठवा, आत्याबाई. मंग तारीख काढू." रोशनीने तेव्हा कुठे पहिला घास घेतला. मी दोन भाकरी खाल्ल्या, ठेच्यासकट.

परत आले तेव्हा दादा दारातच उभा. मी समुद्राचं नाव काढलं नाही. एवढंच म्हटलं, "त्यांना सड्यावरचं घर हवंय." दोन दिवस तो कोणाशी बोलला नाही. एरवी गावात वादाला माणूस शोधत फिरणारा हा, तिसऱ्या दिवशी गवंड्याला घेऊन वर गेला. आता पायवा झाला, फोटो गेला, तारीखही निघाली. चहाच्या दुकानात दादा सगळ्यांना सांगत असतो, समुद्र इंचभर हललेला नाही, वर वारा छान आणि फोनला रेंज चांगली म्हणून जातोय. लोक मान डोलावतात. मीही डोलावते. विटा वर चढताहेत ना, मग दादा काही का म्हणेना.

लग्नाला तुम्ही याल, ते मला माहीत आहे. पण त्याच्या आधी या. लग्नानंतर या घराची कौलं उतरवायची आहेत, दारं-खिडक्या वर न्यायच्या आहेत. ज्या ओटीवर तुम्ही रांगलात, तिच्यावर एकदा माझ्याबरोबर बसा. लवकर या, आणि येताना भरतीची वेळ बघून या. हल्ली पाणी थेट खालच्या पायरीपाशी येतं.