दोन प्रश्नचिन्हे आणि घणसोलीचा मयत

नोकरीत प्रकरणे पुष्कळ पाहिली, पण घणसोलीच्या त्या 'मयत' माणसाची घटना अजून जशीच्या तशी आठवते. ऐंशीचे दशक सरत आले होते आणि माझी नेमणूक बेलापुरात होती. नावे बदलून सांगतो.

एका सकाळी पोलीस ठाण्यात निनावी फोन आला. "प्लॉटच्या ऑफिसातली कम्प्युटरवाली पोरगी पैसे खाते. जित्या माणसाला मयत दाखवलंय!" दुपारी तो माणूसच, एक म्हातारा शेतकरी, त्या ऑफिसचे पत्र घेऊन समोर उभा राहिला.

"साहेब, मी जिता हाय ना! मना कोनी मारला?"

शेती सरकारी संपादनात गेलेली, आणि तिच्या बदल्यात मिळणारा प्लॉट आता मालक मयत म्हणून रद्द होणार होता. मला संताप आला.

मुलीला चौकशीला बोलावले. गुन्हा नोंदवला की तिची नोकरी गेलीच, आणि नोंदवा म्हणून वरून तगादा होता. मी उलटसुलट विचारले. "सर, मी फक्त नाव टाकलं," एवढेच ती सांगे. खोटे बोलणारा दर वेळी थोडी भर घालतो. ही घालत नव्हती.

इकडे हवालदार फिर्यादीचा जबाब घेत होता.

"नाव?"

"काना, धर्मा."

"बापाचं?"

"काना. आदी बापाचाच सांगला ना!"

हवालदाराने कपाळाला हात लावला. मी मात्र खुर्चीतून उठलो. जमीन बापाच्या नावावर, म्हणून सरकारी खिडकीवर हे लोक आधी सातबाऱ्यावरचे नाव सांगत, मग स्वतःचे. त्यात आजाचे नाव नातवाला ठेवायची रीत. म्हणजे हा स्वतः धर्मा, आणि यादीत मयत असलेला धर्माचा मुलगा काना, हा याचा वारलेला बाप!

दोघांना घेऊन तिच्या ऑफिसात गेलो. पडद्यावर, यादीत नाव शोधायला तिने लिहिलेल्या प्रोग्रामच्या ओळीत दोन प्रश्नचिन्हे होती.

"या रिकाम्या जागा, सर. पहिल्यात नाव, दुसऱ्यात वडिलांचं. मशीन फक्त क्रम बघतं."

"मग यांना विचार."

"काना, धर्मा," तो म्हणाला. तिने तसेच टाइप केले. मयत. नावांची अदलाबदल केली. हयात. तिला रडू कोसळले.

"उठवलास गो बाय मना!" म्हातारा हसला.

तिने प्रश्नचिन्हे काढून प्रत्येक जागी उभी दोन टिंबे देऊन त्यांच्यापुढे 'नाव' आणि 'वडील' असे शब्दच घातले. आता कोणते नाव कुणाचे हे विचारूनच भरायचे, त्यामुळे क्रम चुकला तरी माणूस चुकणार नव्हता. गुन्हा नोंदवला नाही.

नुसते प्रश्नचिन्ह पुढे केले की माणूस त्याच्या रीतीने खरेच सांगतो, आणि आपण ते आपल्या रीतीने भरतो. मी त्या मुलीला जवळजवळ आत टाकले होते. पुढे निवृत्तीपर्यंत माझ्या ठाण्यात कुणाला नुसते "नाव?" असे विचारले गेले नाही. "तुझं स्वतःचं नाव सांग," असेच विचारायचे, असा माझा हुकूम होता.