पाहुणे, बसा की

निजामाच्या राजवटीची शेवटची वर्षं होती आणि मला बसता येत नव्हतं. लोक हैदराबादेत काय होणार याच्या काळजीत असायचे, मी उद्या सकाळी काय होणार याच्या.

दुखणं तसं फार मोठं नव्हतं. बसायच्या जागी गव्हाच्या दाण्याएवढी चीर पडली होती. पण सकाळी परसाकडं जाऊन आलो की ती दुपारपर्यंत निखाऱ्यासारखी धुमसायची. त्यात ढोकीत आमचं कापडाचं दुकान. ज्याचा सगळा धंदा गादीवर बसून चालायचा, तो उभ्यानं लुगडी दाखवायला लागला. गिऱ्हाइकांना वाटायचं, मालक कुठंतरी निघालेत, मग तीही बिचारी दारातूनच परत फिरायची.

सरकारी दवाखान्यातल्या हकीमसाहेबांनी इसबगोल दिलं, एरंडेल दिलं, कोमट पाण्यात बसायला सांगितलं आणि निघताना दोनच शब्द बोलले, "मिर्ची बंद." आमच्या भागात हे सांगणं म्हणजे श्वास जरा कमी घ्या म्हणण्यासारखं. माझ्यासाठी वेगळी पांढरी भाजी शिजायला लागली, तेव्हा शेजारच्या काकूंनी येऊन विचारलं, "घरात कोण बाळंत झालंय?"

अशा वेळी धाकट्या बहिणीला तामलवाडीचं स्थळ आलं. वडील नव्हते, म्हणजे बोलणी करणारा मीच. आधीच्या स्थळांना तिनं काही ना काही खोड काढली होती. हा मुलगा मात्र तिनं तुळजापूरच्या बाजारात पाहिला होता. तिला विचारलं, तर "दादा, तुम्ही म्हणाल तसं," म्हणाली आणि हसू लपवायला चुलीकडं तोंड करून बसली. चूल पेटलेलीसुद्धा नव्हती. तेव्हाच मी ठरवलं, काही झालं तरी ही सोयरीक जमवूनच यायचं.

सोबतीला बायकोचा भाऊ घेतला. माझं दुखणं माहीत असलेला बाहेरचा तेवढाच माणूस. तुळजापूरपर्यंत मोटारीत दांडी धरून उभा होतो. पुढं बैलगाडीत कडब्यावर पालथा पडलो. समोरून येणाऱ्या एका म्हाताऱ्यानं हे पाहून पागोटं काढलं आणि मेहुण्याला हळूच विचारलं, "कधी गेले?"

"अजून जायचेत," मेहुणा म्हणाला. "तामलवाडीला."

मुलाकडचे लोक कापसाचे व्यापारी, घरात निम्मी कानडी. ओसरीवर नवी घोंगडी अंथरलेली, ताटात सुपारी आणि अडकित्ता. घर पसंत पडलं की तिथंच सुपारी फोडायची, म्हणजे सोयरीक पक्की.

"बसा पाहुणे," मुलाचे वडील म्हणाले.

"कुंड्री, कुंड्री," मुलाचे चुलते कानडीत तेच म्हणाले.

"बसतो की," मी म्हणालो आणि तुळया बघत उभा राहिलो.

आता त्या घराची रीत अशी, की मुलीकडचा वडीलधारा टेकल्याशिवाय घरच्या कुणीही टेकायचं नाही. त्यामुळं अख्खी ओसरी उभी. चुलत्यांचे गुडघे धरलेले, ते एकदा या खांबाला टेकत, एकदा त्या खांबाला.

त्यांना वाटलं, घोंगडी टोचत असेल. घोंगडी गेली, जाजम आलं. मी उभाच. जाजमावर गादी आली. गादी पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण मांडी घालायचं धाडस होईना.

"दाजी, बसा," मेहुणा कानाशी पुटपुटला. "चुलते पडतील आता."

"तू बस की."

"मी बसून काय उपयोग? मुलीचा भाऊ तुम्ही. सांगून टाकू का खरं?"

दाराआड बायकांच्या बांगड्या वाजत होत्या. "तोंड उघडशील तर बघ," मी म्हणालो.

चुलत्यांनी आमची कुजबुज पाहिली आणि पाहुण्यांची काहीतरी अट आहे असा अर्थ काढला. "मोकळं बोला. पोरीला रानात कामाला धाडणार न्हाय. झालं?"

"तसं न्हाय हो."

"पाणी बी शेंदायला लावणार न्हाय. गडी हाय."

"अहो, तसं काहीच न्हाय."

"वर्षातनं दोनदा माहेरी पाठवू. आता तरी कुंड्री."

मी नको नको म्हणत होतो आणि बहिणीचं सासर सोपं होत चाललं होतं. मग मात्र मुलाच्या वडिलांचा चेहरा उतरला. "घर पसंत नसंल तर सरळ सांगा," ते हळू आवाजात म्हणाले. "पाहुणे उभ्यानं आले आणि उभ्यानं गेले म्हटल्यावर गावाला आमी काय सांगावं?"

मला चुलीकडं तोंड करून बसलेली पोरगी आठवली. आणि त्याच क्षणी तहसील कचेरी आठवली. तिथं जुन्या वळणाची मंडळी साहेबासमोर दोजानू बसायची: गुडघे टेकलेले, पाय मागं दुमडलेले, हात मांड्यांवर. मी तसाच बसलो. टाचा आणि मी यांच्यात थोडी हवा ठेवली, आणि त्या हवेनंच सगळं निभावलं.

एवढी अदब त्या घरात कुणी दाखवली नव्हती. मुलाच्या वडिलांना भरून आलं. पाहुणा दोजानू आणि आपण मांडी घालून, हे त्यांना शोभेना. तेही गुडघ्यांवर आले. त्यांच्यामागं सगळी भावकी. चुलत्यांना दोघांनी धरून दुमडलं. तशा अवस्थेत, नमाजाला बसावं तसे आम्ही सगळे शिवभक्त बसलो आणि सुपारी फुटली.

उठायची वेळ आली तेव्हा चुलते उठेनात. त्यांना उचलण्याच्या गोंधळात मी सगळ्यांत आधी उभा राहिलो आणि मुलीचा भाऊ अंगानं चपळ आहे, असंही नाव झालं.

जेवायला येसराची आमटी होती, लालभडक. नाही म्हटलं असतं तर पुन्हा पहिल्यापासून अटी सुरू झाल्या असत्या. दोन वाट्या प्यालो. दुसऱ्या दिवशी सकाळी ओढ्याकाठी काय झालं ते मी कधी कुणाला सांगितलं नाही, आताही सांगत नाही.

ढोकीत पोचलो तेव्हा बहीण दारातच होती. मला मेहुण्याच्या खांद्यावर पाहून तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"फुटली सुपारी," मी म्हणालो.

ती हळूच म्हणाली, "म्हणजे तुम्ही बसलात, दादा?"

"बसलो."

ती आत गेली. जरा वेळानं माझ्यासाठी दूध घेऊन आली. त्यात तिनं इतकं तूप घातलं होतं की खाली दूध आहे, हे तिच्या शब्दावर मानावं लागलं.