उजव्या डोळ्यावर नेम

साठ सालच्या आसपास मी जर्मनीत हायडेलबर्गला संशोधन करत होतो. कोल्हापूरच्या मामांना गव्याच्या शिकारीसाठी रायफल हवी होती, म्हणून तिथल्या एका बंदुकांच्या दुकानदाराकडे माझ्या फेऱ्या सुरू झाल्या. तो आधी "आल्झो", म्हणजे "तर मग", म्हणायचा आणि मग इतका वेळ गप्प राहायचा, की आपलंच काही चुकलं असं वाटावं.

मामांची अंगकाठी माझ्यासारखीच, असं सांगितल्यावर त्यानं दोन रायफली काढल्या. बोल्ट मागे ओढून दोन्ही रिकाम्या असल्याचं दाखवलं आणि स्वतः भिंतीला टेकून उभा राहिला.

"डोळे मिटा. खांद्याला लावा. आता उघडा, आणि माझ्या उजव्या डोळ्यावर नेम धरा."

पहिलीला त्यानं नकारार्थी मान हलवली. दुसरी माझ्या गालाला अलगद बसली. नळीपलीकडे त्याची पापणी लवत नव्हती.

"गेनाऊ. अगदी बरोबर. हीच."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"आल्झो... रायफल नीट बसली की माणसाचा चेहरा बदलतो. ते समोरूनच दिसतं."

"माझा बदलला?"

तो पुढे आला आणि त्यानं माझ्या हातातून रायफल काढून घेतली. जरा ओढूनच घ्यावी लागली त्याला.