पडद्यावरची नवरी

चांद्याकडच्या सावली गावाच्या आजूबाजूला मला ओळखायचे ते पडणारा म्हणून. धान कापून झाला, पुंजणे रचले गेले, की गावोगावी शंकरपट भरायचे, बैल धावायचे, आणि पट भरला की त्या गावात नाटक हे ठरलेलंच. आमच्या मंडळीत राजा होता, दुष्ट सावकार होता, बायकांची कामं करणारे दोघे होते आणि विनोदी काम माझ्याकडे होतं. राजाला राणी मिळायची, मला मार मिळायचा. मी पाटावरून पडायचो, खाटेवरून पडायचो. एकदा तर दोरीत पाय अडकून पडद्यासकट पडलो, तर लोक म्हणाले, पुन्हा करून दाखव.

पाय काटकुळे आणि आवाज अंगाला न शोभणारा जाडा, त्यामुळे मी नुसता उभा राहिलो तरी लोक हसायचे. मला ते आवडायचं. हसणारा माणूस समोरच्याकडे फार निरखून पाहत नाही, आणि मला कोणी निरखून पाहू नये असंच वाटायचं. बरोबरीची मुलं मुलींच्या गोष्टी करायला लागली की मी कोणाची तरी नक्कल करून वेळ मारून न्यायचो. माझं मन पुरुषाकडे जातं हे मला मिसरूड फुटायच्या आधीपासून ठाऊक होतं. सांगायची सोय नव्हती, म्हणून कोणाला सांगितलं नव्हतं.

पन्नास सालानंतरची गोष्ट. एका पटाच्या गावात आमच्या मांडवाच्या पलीकडे टुरिंग टॉकीजचा तंबू लागला. सिनेमा लवकर सुटायचा आणि नाटक उजाडेपर्यंत चालायचं, म्हणून यंत्र चालवणारा ऑपरेटर आपलं काम आटोपून आमच्या नाटकाला येऊन बसायचा. सकाळी मी विहिरीवर तोंडाचा रंग धूत होतो तेव्हा तो बादली घेऊन आला. उंच, सावळा, माझ्याच वयाचा. पाणी ओढता ओढता म्हणाला, "तू पडते बराबर. पण उठते खोटा."

"म्हंजे?"

"पडते तवा तुले लागते, ते दिसते. उठते तवा तू लोकाइकडं पाहते, हासले का नाई म्हणून. ज्याले खरंच लागलं तो आंधी आपला गुडघा पाहते."

मला राग आला. मी म्हटलं, "तू पडून दाखव मंग." त्यानं बादली खाली ठेवली आणि विहिरीच्या ओल्या दगडावर खरंच पडून दाखवलं. उठला, गुडघा पाहिला, मग इकडेतिकडे पाहिलं, कोणी पाहिलं तर नाही ना म्हणून. मी हसलो. इतक्या वर्षांत मला कोणी हसवलं नव्हतं. पुढच्या गावात मी तसंच उठलो. हसू जरा उशिरा आलं, पण थांबेचना.

तो सिरोंचाचा. घरी तेलुगू, आमच्याशी बोलताना आमची बोली, हिंदी आणि तेलुगू असं सगळं एकाच वाक्यात. तुटलेली फिल्म जोडायचं औषध त्याच्या बोटांना सदा लागलेलं असायचं, आणि त्याचा उग्र वास त्याच्या हातच्या भातालाही यायचा. तो मला 'बावा' म्हणायचा. तेलुगूत बहिणीच्या नवऱ्याला बावा म्हणतात, ज्याच्याशी लग्न होऊ शकतं त्या आतेमामे भावालाही म्हणतात. थट्टेचं नातं. चारचौघांत तो मोठ्यानं हाक मारायचा, "ओ बावा!" आणि कोणाला काही वाटायचं नाही. मला वाटायचं.

हंगाम संपला. पावसाळ्यात तंबू बंद, नाटक बंद. तो आलापल्लीला एका लाकडाच्या ठेकेदाराकडे इंजिनं दुरुस्त करायला जायचा. मी घरी सांगितलं की सागवानाच्या डेपोवर मजुरी मिळते, आणि त्याच्या मागून गेलो. मजुरी मिळत होतीच, ते खोटं नव्हतं. डेपोमागच्या कुडाच्या खोलीत आम्ही तो पावसाळा काढला. भर पावसात रस्ते बंद झाले की आलापल्लीत बाहेरचं कोणी येत नसे आणि इथलं कोणी जात नसे. तो मासे आणायचा, चिंच घालून शिजवायचा. मी त्याला दिवसभरात भेटलेल्या माणसांच्या नकला करून दाखवायचो, आणि तो "असं नाई, पुन्हा कर" म्हणायचा. त्याहून जास्त सांगायची मला गरज वाटत नाही. मी सुखात होतो.

ठेकेदाराजवळ चावीवर चालणारा, सिनेमा काढायचा एक कॅमेरा होता. शिकारीची चित्रं काढायला घेतलेला, दोनतीनदा वापरून कंटाळून पेटीत ठेवलेला. ऑपरेटरनं त्याची चावी दुरुस्त करून दिली तेव्हा ठेकेदार खूश होऊन म्हणाला, "ठेव तुझ्याकडंच, काही चांगलं काढ." नागपूरहून फिल्म मागवली. त्या फिल्मची एकच प्रत निघायची. जे काढलं तेच धुऊन यायचं आणि तेच पडद्यावर लावायचं.

"आपण तुहा सिनेमा काढू," तो म्हणाला.

"मायाकडं कोण पाहील?"

"मी पाहून राह्यलो ना."

पाऊस उघडल्यावर आम्ही सुरुवात केली. गोष्ट साधी होती. एक माणूस बैलगाडी घेऊन आपली नवरी आणायला सासरी जातो. बैल वाटेत जागोजागी बसतो. माणूस त्याला ढकलतो, समजावतो, शेवटी स्वतः जुवाला लागतो. नवरी गाडीत बसते तरी बैल हलत नाही. मग ती कंटाळून उतरते आणि चालू लागते, तर बैल तिच्यामागे निघतो. बोलणं नव्हतंच, आवाज त्या फिल्मवर येत नव्हता.

जवळच्या एका गोंड कुटुंबानं गाडी आणि बैल दिले. नवरी मात्र मिळेना. कोणाची बायको-पोर कॅमेऱ्यासमोर उभी राहणार? शेवटी तो म्हणाला, "मीच होतो. पदर घेतला की झालं." गाडीवाल्याच्या म्हाताऱ्या बायकोनं आपलं लुगडं दिलं आणि त्याला नेसवलंही. तिच्या पद्धतीनं ते गुडघ्यापर्यंतच आलं, खाली त्याच्या केसाळ पोटऱ्या. म्हातारी हसून हसून खाली बसली. मग उठून तिनं त्याला डोक्यावर पाण्याचा गुंड घेतलेल्या बाईसारखं चालायला शिकवलं. सगळी वस्ती पाहायला जमली होती.

बाकीचं सगळं त्यानं काढलं आणि मी काम केलं. पण शेवटच्या तुकड्यात आम्ही दोघं होतो. त्यानं कॅमेरा एका सागाच्या खुंटावर बसवला, चावी भरली, खटका अडकवला आणि लुगडं सावरत धावत माझ्याजवळ आला. आम्ही चालू लागलो. पुढे तो पदर घेतलेला, मागे मी डोक्याला हात लावलेला, आणि आमच्यामागे रिकामी गाडी ओढत बैल. मधेच त्यानं मागं हात केला, माझं मनगट धरलं आणि मला शेजारी ओढून घेतलं. हे ठरलं नव्हतं. तेवढ्यात कॅमेऱ्याची घरघर थांबली. एकदा भरलेली चावी थोडाच वेळ चालायची.

"चावी संपली," तो पदराआडून म्हणाला.

"ठाऊक हाय."

तरी आम्ही वळणापर्यंत तसेच चालत गेलो. भर दुपारी, सगळ्या वस्तीसमोर. लोक हसत होते, पोरं टाळ्या वाजवत होती. त्याआधी किंवा त्यानंतर मी कधीच कोणाचा हात धरून गावाच्या वाटेनं चाललो नाही.

फिल्म मुंबईला धुवायला पाठवली. ती परत आली तेव्हा पुढचा हंगाम तोंडावर आला होता. तंबूच्या मालकानं मोठ्या सिनेमाच्या आधी ती लावायला परवानगी दिली. आमच्या गावात लागली तेव्हा माझी माय आणि मोठा भाऊ बायकांपुरुषांच्या दोन बाजूंना बसले होते. लोकांनी मला पडद्यावर ओळखलं आणि तंबूत जो गोंधळ झाला तो मला अजून ऐकू येतो. नवरीच्या पोटऱ्या दिसल्या तेव्हा तर तंबूचा खांब हलला. मी मागे यंत्राजवळ उभा होतो. तो भिंगावर एक हात ठेवून पडद्याकडे पाहत होता. मनगट धरायची जागा आली तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. दुसऱ्या हातानं पुन्हा तेच मनगट धरलं, अंधारात, आणि फिल्म संपेपर्यंत सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी माय सुपात तांदूळ पाखडत बसली होती. भावानं माझ्यासाठी एक सोयरीक पाहून ठेवली होती आणि मी दोनदा टाळलं होतं.

"ते नवरी कोण होती गा, सिनेमातली?" तिनं विचारलं.

"ऑपरेटर."

"हं." सूप थोडा वेळ चाललं. "तू लग्नाले काऊन नाई म्हणून राह्यला? कोणी हाय का मनात?"

"हाय."

"आपल्यातलं?"

"नाई. दूरचं माणूस हाय."

"जेवू घालते का तुले?"

"घालते."

"बेस घालते?"

"बेस घालते. मासे तं लय बेस."

आमच्या बोलीत तो पण घालते आणि ती पण घालते. मला काहीच खोटं बोलावं लागलं नाही. मायनं पुढे विचारलं नाही. सोयरीक तिनंच मोडली. भावाला म्हणाली, नाटकवाल्याच्या घरी कोणाच्या पोरीचे हाल करू नोको. तिला कळलं असावं असं मला वाटतं. ती गेली तोवर आम्ही त्यावर पुन्हा बोललो नाही.

असे तीन-चार हंगाम गेले. मग राज्यांची नवी वाटणी झाली, आणि तंबूच्या मालकानं ठरवलं की आता गोदावरीपलीकडे, तेलुगू मुलखात धंदा करायचा. त्याच सुमारास ऑपरेटरचे वडील वारले. घरी म्हातारी आई आणि नात्यातली मुलगी लहानपणापासून ठरवलेली. तुटलेली फिल्म जोडत बसला होता तेव्हा त्यानं मला हे सांगितलं. वर पाहिलं नाही.

"नाई म्हण ना," मी म्हटलं.

"नाई म्हणतो. मंग राहू कुठी, बावा? तुह्या घरी? काय म्हणून?"

मी विचार केला. भाऊ, वहिनी, गाव, सगळे डोळ्यासमोर आणले. मला शब्द सापडला नाही. तो थांबला होता. खरंच थांबला होता, बोटं फिल्मवर तशीच दाबून. मग त्यानं जोड तपासला आणि रीळ गुंडाळलं. आमचा सिनेमा त्यानं माझ्यापुढे ठेवला. मी म्हटलं, तूच ने. इथल्या सगळ्यांनी पाहिला, तिकडच्यांनाही हसू दे.

तो गेल्यावर मी काम वाढवलं. चांद्यापर्यंत नाव झालं. नागपूरच्या एका कंपनीनं बोलावलं, तिथं एक हंगाम काढून परत आलो. त्यानं जाताना आलापल्लीच्या ठेकेदाराला परत दिलेला कॅमेरा मागून घेतला आणि जमेल तसं काढत राहिलो. मोहफुलं वेचणाऱ्या बायका काढल्या, वैनगंगेतले ढिवर आणि त्यांची जाळी काढली. जत्रेत मागूनपुढून आणलेल्या यंत्रावर दाखवायचो. लोक म्हणायचे, यात तू काऊन नाई? मी सांगायचो, कॅमेरा धरायला कोणी नाही. लोकांना ती थट्टा वाटायची. रंग लावताना मात्र मी रोज एकदा मांडवाच्या फटीतून मागच्या बाजूला पाहायचो. यंत्रवाले तिथंच येऊन बसतात.

ते दशक संपता संपता, एका उन्हाळ्यात मी सिरोंचाला गेलो. निमित्त काही नव्हतं. प्राणहितेचं पाणी आटलं होतं, वाळू तापलेली. त्याचं इंजिन दुरुस्तीचं दुकान लगेच सापडलं. अंगानं भरला होता. मला पाहून हातातला पाना खाली ठेवला आणि हात पुसत बाहेर आला. मग म्हणाला, "बावा, तू तं अजून तसाच वाळला."

घरी नेलं. त्याची बायको हसऱ्या तोंडाची, मला पहिल्याच शब्दात 'अन्ना' म्हणाली, म्हणजे मोठा भाऊ. म्हणजे आता तो माझ्या बहिणीचा नवरा, नात्यानंही आम्ही एकमेकांचे बावाच झालो. एक लहान मुलगी त्याच्या पोटरीला धरून उभी होती. बायको म्हणाली, "हे तुमची गोष्ट सांगतात. बैलाची. सांगताना किती हसतात." सिनेमाबद्दल मी विचारलं नाही, त्यानंच सांगितलं. पलीकडच्या गावांत तो इतका लागला, इतक्यांदा तुटला आणि जोडला, की शेवटी नुसते तुकडे उरले. एका पावसाळ्यात त्यांनाही बुरशी धरली.

"शेवटचा तुकडा?" मी विचारलं.

"तोच आंधी गेला. लोक पुन्हा लाव, पुन्हा लाव म्हणत. मी लावत गेलो."

जेवायला त्यानं स्वतः मासे केले. चव तीच होती, बोटांना आता डिझेलचा वास होता. मुलगी त्याच्या ताटात जेवली. रात्र न काढता दुपारच्या ट्रकनं निघायचं मी आधीच ठरवलं होतं. ट्रकपर्यंत तो पोहोचवायला आला. आलापल्लीकडे जाणारी माणसं मागच्या हौद्यात बसत होती. "पुढच्या साली ये," तो म्हणाला. मी "येतो" म्हटलं. त्यानं हात वर केला, पण मनगटापर्यंत आणला नाही, हौद्याच्या फळीवर ठेवला आणि ट्रक हलला तशी फळी सोडली.

वाटेत जंगल लागल्यावर मी त्याच्या बायकोनं वाटेसाठी बांधून दिलेलं फडकं सोडलं. भात होता आणि कैरीचं त्यांच्याकडचं तिखट लोणचं. पहिल्याच घासाला डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि मग ते थांबेना. शेजारचा म्हातारा म्हणाला, "तिखट लागलं का गा?" आणि पलीकडच्या एका बाईनं मला ओळखलं, "अवं, हा तं पटातला पडणारा!" सगळा हौदा माझ्याकडे पाहू लागला. मी जीभ बाहेर काढली, तोंडानं फू फू केलं, गमछा हलवून वारा घेतला, दोन्ही हातांनी कान धरले. लोक हसू लागले. मी आणखी एक घास घेतला, म्हणजे रडणं चालू ठेवता येईल.