राखेचे दोन डबे

माझी बायको आता नेमकी कुठं आहे, हे मला सांगता येत नाही. मेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये म्हणतात. पण मी चौथी शिकलेला माणूस. झालं ते सरळ लिहितो.

आम्ही दोघं चाकणच्या बाजूला एका विद्यापीठाच्या आवारात कामाला. आधी मी कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसवर होतो. पाठ गेली तेव्हा कंत्राटदारानं मला इथं माळी केला. ती झाडायला आधीपासून होती. सकाळी सातला तिचा खराटा सुरू व्हायचा. दोनदा ओढायची, थांबायची, खोकायची, परत दोनदा. पाला गोळा करायचा आणि काडी लावायची, वर्षानुवर्षं हेच.

मग आवार हिरवं करायचं ठरलं आणि त्याच्यावर एक मॅडम नेमल्या. जाळणं बंद. पाला आणि मेसमधलं उष्टं खड्ड्यात टाकून खत करायचं. बायको म्हणाली, जे काडीनं दोन मिनिटांत होतं त्याला या बाईला तीन महिने लागणार. पण खड्डा वास मारायला लागला आणि मॅडम हैराण झाल्या, तेव्हा हिनंच सांगितलं की वरून लाकडाची राख भुरभुरा. वास गेला. तेव्हापासून गेटबाहेरच्या ढाब्यावरून चुलीची राख आणून डब्यात भरून ठेवायची, हे आमच्या दोघांचं काम झालं. डबा म्हणजे रंगाचा, वीस लिटरचा, पांढरा. आपल्याकडं पाण्याला, धान्याला, सगळ्याला तोच.

खड्ड्यात हात घातला की आत गरम लागायचं. ती म्हणायची, ताप आलेल्या पोराच्या कपाळागत लागतंय.

रहाटणीहून कामावर येताना मोशीचा पूल लागतो. खाली इंद्रायणीवर कंपन्यांच्या पाण्याचा पांढरा फेस. एका सकाळी बसच्या खिडकीतून बघत ती म्हणाली, "अहो, मला ह्यात सोडू नका. ह्यापरीस उकिरड्यात टाका." मी म्हणालो, गप बस. शिमग्याच्या आधी ती गेली. छातीनं गेली. धूर किती वर्षं खाल्ला, ते डॉक्टरनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी सावडून अस्थी गाडग्यात भरल्या. गावच्या नदीत सोडायच्या ठरवल्या, पण उन्हाळ्यात आमची नदी कोरडी. पाऊस होईपर्यंत थांबायचं होतं. अस्थी घरात घेत नाहीत, झाडाला टांगतात. आमची खोली तिसऱ्या मजल्यावर, तिथं कसलं झाड. म्हणून आवारात अवजारांच्या शेडमागं कडुलिंबाला गाडगं बांधलं. रोज तिथनं जाताना दोन शब्द बोलायचो. आज मेसमध्ये काय होतं, कुठला नळ गळतोय, असलंच.

मे महिन्यात बाहेरून तपासणीला माणसं येणार होती, आवार किती हिरवं झालं ते बघायला. सिक्युरिटीवाला म्हणाला, बाबा, ते झाडावरचं काढा. मी काढलं. गाडगं कुठं फुटंल म्हणून सगळं एका रंगाच्या डब्यात ओतलं, झाकण लावलं आणि शेडमध्ये फळीवर ठेवलं. शेजारी खड्ड्याच्या राखेचा डबा. तसलाच. चूक माझी आहे, दुसऱ्या कुणाची नाही.

तपासणीच्या दिवशी मी पुढच्या गेटवर कुंड्या लावत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी खड्डा खालीवर केला आणि दुपारी शेडकडं आलो तर डबा धुऊन उन्हात उपडा घातलेला.

बरोबर झाडणारी बाई बायकोला आक्का म्हणायची, मला दाजी. तिला विचारलं. ती म्हणाली, "वास येत होता दाजी, माणसं आली होती. आपली राख संपलेली, म्हणून दुसऱ्या डब्यातली टाकली. जरा खडे होते तिच्यात."

मी म्हणालो, "ती तुझी आक्का होती."

ती खराटा टाकून खड्ड्याकडं पळाली. नंतर कितीतरी दिवस माझ्यासमोर आली नाही.

मॅडमना सांगावं लागलं. त्या म्हणाल्या, "काका, खड्डा बंद करू. वर झाड लावू." चांगली बाई. पण तोवर वरचं खाली झालं होतं, मीच त्या सकाळी फावड्यानं खालीवर केलं होतं. एका जागी ती उरलीच नव्हती. मी म्हणालो, खत तयार होऊ द्या, चाळणार मी एकटा.

बारा दिवस चाळलं. चाळणीत बाटल्यांची झाकणं आली, चमचे आले. हाडंही आली. ती हातावर घेऊन बघायचो. पोरं कोंबडी खाऊन सगळं खड्ड्यातच टाकतात. कुठलं तिचं आणि कुठलं कोंबडीचं, मला कळेना. चाळीस वर्षं बरोबर राहिलेला माणूस मी, मला कळेना. गावच्या नदीत मग काय सोडू? सगळं परत खतात मिसळलं. ते खत आवारातल्या झाडांना गेलं.

मग जोराचा पाऊस झाला. झाडांच्या बुडातून काळं पाणी निघालं, उतारानं मागच्या नाल्याला लागलं. नाला कुठं जातो ते मला ठाऊक आहे. मोशीच्या पुलाखाली.

त्या दिवसापासून मी आळी करतोय. प्रत्येक झाडाभोवती वीतभर उंच मातीचा काठ, थापून गुळगुळीत केलेला. उताराकडून दगडाची ओळ. थेंब बाहेर जाता कामा नये. मॅडम खूश आहेत. कुणी पाहुणे आले की त्यांना आणून दाखवतात, आमच्या काकांनी पाणी अडवलंय म्हणून. मी मान हलवतो.

आता त्या बाईनंही फावडं घेतलंय. न विचारता एक ओळ ती करते, एक मी. सकाळी सातला अजून कुठंतरी खराटा ओढल्याचा आवाज येतो, दोनदा, मग थांबतो. ती समोर माती थापत असते, म्हणजे तो तिचा नाही. आम्ही दोघंही त्या बाजूला बघत नाही.

पाऊस लागला की मी फावडं घेऊन फिरतो. परवा लायब्ररीमागं एक काठ फुटला होता. बसलो चिखलात आणि हातानंच बांधला. माती गरम लागली. पावसातली माती गरम लागायचं काही कारण नाही.