परवडत नाही तर पाळता कशाला?

वाळू विकत घ्यावी लागते हे मला माहीत होतं. दोन खोल्या आणि एक न्हाणीघर बांधताना वाळूच्या गाडीमागं मी स्वतः फिरलेय. पण मांजरानं त्यात बसावं म्हणून वाळू विकत मिळते, आणि तीही गुलाबाच्या वासाची, हे मला सत्तरी उलटल्यावर सांगलीत कळलं. काचेमागं गुळगुळीत पिशव्या मांडून ठेवल्या होत्या. दुकानदार म्हणाला, "आजी, ही वास धरून ठेवते."

मी म्हटलं, "धरून कशाला ठेवायचा? जाऊ दे की त्याला."

तो हसला नाही. मग त्यानं मांजराच्या खाण्याचं पाकीट दाखवलं, त्याचा भाव सांगितला, आणि माझ्या पायातल्या रबरी चपलांकडं बघून स्वतःच ते परत जागेवर ठेवलं. मी अजून नाही म्हटलं नव्हतं! घेणार नव्हतेच, तो भाग वेगळा. पण नाही म्हणायचा मान तरी गिऱ्हाइकाला द्यावा की नको?

झालं होतं असं, की माझा मुलगा कुपवाडला एका वर्कशॉपात लेथवर काम करतो. वर्कशॉपच्या फाटकात टेम्पोखाली एक मांजरी मेली आणि तिची दोन पिल्लं मशीन पुसायच्या कापसाच्या बोळ्यांच्या पेटीत ओरडत राहिली. दोन दिवस सगळ्यांनी ऐकलं, तिसऱ्या दिवशी यानं डब्याच्या पिशवीतून घरी आणली. मांजर आपल्या पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात. या दोघींचं पहिल्याच घरी आटोपलं होतं. मोठी दिसणारी ती थोरली, आणि नुसते डोळे आणि कान असलेली ती धाकटी. तेव्हा वर्कशॉपचं काम निम्म्यावर आलं होतं. सूनबाई घरी ब्लाउज शिवते, तेही लग्नसराई संपल्यामुळं थंडच होतं. आमच्या मालकांच्या मागं मिळणारी फौजेची पेन्शन होती म्हणून चूल पेटत होती. चहात दूध रंगापुरतं पडत होतं.

आणि तेच दूध मी पिल्लांना घातलं. आमच्या चहातलं काढून. वर भाकरी कुस्करली. मांजर आणि दूध, यापलीकडं कुणी कधी काही शिकवलंय का आपल्याला? दोन दिवसांत दोघींची पोटं अशी बिघडली, की सूनबाईच्या शिवणातल्या सगळ्या चिंध्या संपल्या. थोरली निभावली. धाकटी मान उचलेना.

म्हणून एका चांगल्या खाजगी दवाखान्यात गेले. गारगार हवा, भिंतीवर परदेशी कुत्र्यांचे फोटो. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "ब्रीड काय आहे?"

"कुपवाडचं," मी म्हटलं.

तिनं मग इंजेक्शनं, तपासण्या, पुढचं ऑपरेशन, असं सगळं एका दमात सांगितलं. मी म्हटलं, "बाई, आज हिचं पोट तेवढं थांबवता का? बाकीचं बघू मागनं." तर ती पोर अगदी गोड आवाजात म्हणते, "आजी, परवडत नसेल तर पाळू नयेत."

म्हणजे माया करायला आता तहसीलदाराकडून उत्पन्नाचा दाखला आणू का? मी काही ही पिल्लं हौसेनं गाडीत बसून शोधायला गेले नव्हते. ती मरायला टाकलेली होती. ज्यांना परवडतं त्यांच्याही गाड्या त्याच फाटकातनं जात-येत होत्या. त्यांच्यातल्या कुणी काच खाली केली? केली असती तर मी आनंदानं घरी बसले असते. ज्याला परवडतं तो उचलत नाही, आणि जो उचलतो त्याला विचारायचं, परवडतं का! मी धाकटीला पदरात गुंडाळलं आणि निघाले. दार काचेचं होतं, आपटायची सोय नव्हती. तेही मनात राहिलं.

रिक्षाला पैसे घालवायचे नाहीत म्हणून चालत आले. निम्म्या वाटेत मी थांबले, आणि ते उन्हानं नव्हे. ते वाक्य मी ओळखलं होतं. ते त्या पोरीचं नव्हतंच. ते माझं होतं.

पन्नासएक वर्षांपूर्वी साताऱ्याहून लग्न होऊन मी कुंडलला आले. मॅट्रिक पास! शाळेत आरोग्यशास्त्र शिकलेली! दोन वेण्यांचा अंबाडा झाला की अक्कल आपोआप येते अशी समजूत असलेली एक भवानी. ती आज भेटली तर तिला धुण्याच्या दगडावर बसवून चोळीन. सासरी पाऊल टाकल्या टाकल्या हिनं काय पाहिलं, तर स्वयंपाकघरात एक करडी मांजरी, आणि सासूबाई आपल्या ताटातली भाकरी मोडून तिला घालतायत. दुष्काळाचे दिवस. घरात ज्वारी मोजून दळायची. हिनं पुस्तकातलं वाक्य काढलं: जंतू. आणि त्याला स्वतःचं एक जोडलं: "माणसांनाच पुरत नाही, तर मांजर पाळता कशाला?"

सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्या अडाणी, मी मॅट्रिक! मला वाटलं, पटलं त्यांना.

मालक रजेवर आले होते. मी त्यांच्याकडून मांजरी पोत्यात घालून घेतली. पोत्याचं तोंड सुतळीनं बांधून, सायकलच्या मागं अडकवून ते कृष्णेच्या पल्याड सोडून आले. नदी ओलांडली की मांजराला परतीची वाट सापडत नाही म्हणतात. सरहद्दीवर बंदूक धरणारा माणूस, पण त्या दिवशी जेवला नाही. "गुऱ्हाळापाशी सोडली. उंदीर हायत तिथं," एवढंच म्हणाले. मी मात्र स्वयंपाकघर सारवलं, आणि किती छान झालं म्हणून दाराशी उभी राहून बघत बसले. भवानी!

तिसऱ्या दिवशी माळ्यावरून आवाज आला. कडब्याच्या पेंढ्यांमागं तीन पिल्लं होती. दोन गार पडलेली. तिसऱ्याला सासूबाईंनी शेळीच्या दुधात वात भिजवून, थेंब थेंब पाजून जगवलं. मी समोरच बसले होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, एक शब्द बोलल्या नाहीत, पुढं तीस वर्षं बोलल्या नाहीत. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी कधीच विसरून गेले असते. त्याचाही मला राग आहे.

तर, धाकटी मरू द्यायची नाही, हे मी त्या रस्त्यावर ठरवलं. लगेच सरकारी जनावरांच्या दवाखान्यात गेले. तिथं म्हशींची रांग. पुढचा म्हसवाला मागं वळून म्हणाला, "आवं आजी, मांजराला कशाला डॉक्टर? दोन दिसांत आपोआप बरं हुतंय, न्हाईतर..."

"न्हाईतर काय?"

माझं तोंड बघून तो आपल्या म्हशीची शेपटी नीट करायला लागला.

डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी धाकटीला तळहातावर घेतलं. "काय घालता?"

"दूध-भाकरी."

"दूध कशाचं?"

"म्हशीचं."

"म्हशीचं दूध रेडकाला, आजी. हिला पचत नाही. बंद करा. कोंबडीचे तुकडे शिजवून घाला, मीठ नाही, मसाला नाही. हाडं काढून." त्यांनी जंताचं औषध दिलं आणि हळूच म्हणाले, "थोरलीची काळजी नाही. ही आपणहून खायला लागली तर वाचली."

आपणहून खायला लागली तर. ते मी गाठीशी बांधून घरी आणलं. दोन दिवसांनी श्रावण लागला.

आमच्या घरात श्रावणात अंडंसुद्धा येत नाही. ते सासूबाईंपासून चालत आलेलं. आता काय करायचं? देवाला सांगायचं की मांजराला सांगायचं? मी देवाला सांगितलं, तो समजूतदार आहे. परसात धुण्याच्या दगडाशेजारी तीन विटांची चूल मांडली, एक फुटक्या कानाचं पातेलं त्यासाठी वेगळं काढलं, आणि पदर डोक्यावरून पुढं ओढून चिकनच्या दुकानात गेले. श्रावणात तिथं माशासुद्धा कंटाळलेल्या. दुकानदार ओरडला, "या मावशी! श्रावणात तुमी?" अख्ख्या चौकानं ऐकलं. मी म्हटलं, "माना आणि पाय दे, मांजराला हवेत. आणि आवाज कमी कर." कुणी घेत नाहीत म्हणून त्यानं मूठभर जास्तच टाकले. त्याला मी अजून आशीर्वाद देते. काचेच्या दुकानातल्याला देत नाही.

थोरली त्यावर तुटून पडायची. धाकटी तोंड फिरवायची. मी बोटानं कोंबडीचं पाणी चाटवायची, तेवढंच. असे सात-आठ दिवस गेले. एकदा जेवताना मुलगा ताटात बघत म्हणाला, "आई, धाकटीचं काय खरं दिसत न्हाई. आणि थोरलीला परत वर्कशॉपात सोडली तर? तिथं उंदीर लय हायत."

उंदीर हायत तिथं. बापाचेच शब्द, बापाचाच आवाज.  त्या दिवसापासून मी त्याच्यावर नजर ठेवून होते.

मग दुसऱ्या सोमवारी कुंडलहून माझी धाकटी जाऊ आली. दरवर्षी येते, दोघी मिळून देवळात जातो. हातात बेलाची पानं, अंगावर धुवट साडी, कडक उपास. आली ती वासामागं थेट परसात.

"आक्का, हे काय शिजतंय?"

"औषध."

"औषधाला कोंबडीचा वास येतोय."

"मग कोंबडीचं औषध असंल."

"श्रावणी सोमवारी? ह्या घरात? दोन मांजरांपायी?"

"मांजरांना श्रावण न्हाई गं."

"तुला तरी हाय का न्हाई? पोराचं काम निम्मं, आनि ही कोंबड्या शिजवतीया!" ती चुलीपासून चार हात लांब उभी राहिली, पदर नाकाला लावला आणि म्हणाली, "एवढा जाच हाय तर सोडून ये की नदीपल्याड. वाट तर तुला ठावी हाय."

मी पळी पातेल्यात सोडली. ती कुंडलला सून म्हणून माझ्यामागून पाच वर्षांनी आली. "तुला कुणी सांगितलं?"

"सासूबाईंनी. कितीदा तरी."

मला तीस वर्षांत एक शब्द नाही, आणि हिला कितीदा तरी! मी काही बोलणार तेवढ्यात पुढच्या दारात मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला. कामाच्या वेळी हा घरी कसा? मी पातेलं खाली उतरवलं आणि आत गेले. पिल्लांची टोपली रिकामी. दारातनं बघते तर मोटारसायकलच्या मागं पोतं. तोंड सुतळीनं बांधलेलं.

पुढचं मी काय काय बोलले ते गल्लीला विचारा. हँडल धरून उभी राहिले. "सोड पोतं! माझ्या घरातनं एक पोतं गेलंय, दुसरं जाणार न्हाई! परवडत न्हाई म्हंतोस? मग मलाच घाल पोत्यात, मी मांजरापेक्षा जास्त खाते! तुझ्या बापानं ऐकलं माझं, तू ऐकायचं न्हाईस!" समोरची बाई गॅलरीत आली. सूनबाई मशीनवरून उठून आली, गळ्यात टेप तशीच.

"आई, ऐक तरी..."

"काय ऐकू?" मी सुतळीची गाठ दातानं तोडली. जे काही दात उरलेत त्यांनी. आणि पोतं आडवं केलं.

भुसा. पोतंभर लाकडाचा भुसा, माझ्या पायावर.

"शेजारच्या सुताराकडं पडून हुता," मुलगा म्हणाला. "तुझी ती वाळू विकत नको म्हणून आणला. जेवणाच्या सुट्टीत पळत आलोय."

चूक माझी होती. पण मला मनापासून वाटतं, की पोत्याचं तोंड उघडं ठेवायला त्याला काय झालं होतं?

"मग पिल्लं कुठायत?"

आम्ही तिघंही परसात धावलो. चुलीशेजारी माझी जाऊ मांडी घालून बसली होती. बेलाची पानं दगडावर. थोरली तिच्या मांडीला टेकून तोंड चाटत होती. जाऊबाईंच्या उपाशी, धुतलेल्या, सोमवारच्या हातात कोंबडीची मान होती, आणि त्यातलं हाड नखानं सोलून काढत ती तुकड्यावर फुंकर घालत होती. पुढ्यात धाकटी चार पायांवर उभी. स्वतःच्या पायांवर. तुकडा खाली पडला की तो दाताखाली धरून ती गुरकावत होती. मी वाकले तर माझ्यावरच गुरकावली. ज्या बाईनं हिच्यासाठी अख्ख्या चौकात नाव घालवलं तिच्यावर!

"पातेल्याकडं सरकत हुती," जाऊ माझ्याकडं न बघता म्हणाली. "तोंड भाजलं असतं."

"श्रावणी सोमवारी?" मी विचारलं. "ह्या घरात?"

"मांजर मेलं तर सोन्याचं मांजर करून काशीला न्यावं लागतंय. परवडंल का तुला? त्यापरीस मान स्वस्त." तिनं दुसरी मान उचलली. "आनि नुसती उभी राहू नगंस. माझ्या आंघोळीला पानी तापव."

मी पाणी ठेवायला गेले. मुलगा दारात वाकून भुसा परत पोत्यात भरत होता. थोरली त्याच्या मागं गेली, उरलेल्या ढिगावर चढली, जागा उकरली आणि भर दारात, गल्लीसमोर, आपलं काम उरकलं. वास सुटला. आमचा भुसा काही तो धरून ठेवत नाही. जाऊ दिला.