झाकायचा डोळा

देवाजी धकाते, राहणार महाल, नागपूर. वय छत्तीस, धंदा कापड गिरणीत विणकर, बांधा सडपातळ. पत्नी मयत, कुटुंबात आई व एक मुलगी. सदर इसम कुटुंबप्रमुख असून घरात त्याचा शब्द चालतो.

१९७२ साली शाळेतल्या तपासणीत निघालं, की सहा वर्षांच्या जयाचा डावा डोळा आळशी आहे. डोळा धडधाकट, फक्त काम करत नाही. असे नमुने कचेऱ्यांतही आढळतात, पण तिथे उपचार नसतो. इथे होता. चांगला, उजवा डोळा दिवसभर झाकायचा. डावा नाइलाजानं कामाला लागतो. डॉक्टर म्हणाले, "जे व्हायचं ते पुढच्या दोन वर्षांत. नंतर फारसं काही होत नाही."

देवाजीनं काळी पट्टी स्वतः शिवली. सकाळी बांधून गिरणीत जाई, परतल्यावर जागेवर आहे ना ते बघे. असायची. तरी प्रत्येक तपासणीत डॉक्टर विचारत, "खरंच बांधता ना?"

"पोरीची शपथ, साहेब."

वर्ष गेलं. गाजरं झाली, टेकडीच्या गणपतीला अनवाणी जाणं झालं. डोळा ढिम्म.

एक दिवस गिरणीत वीज गेली आणि देवाजी भोंग्याआधीच घरी आला. आई जिजाबाई घरच्या हातमागावर होती. तिच्यासाठी जया चरख्यावर कांड्या भरत होती, सूत गुंडाळत होती भराभर. पट्टी डाव्या डोळ्यावर.

"माय, हे काय वं?"

"काय म्हणजे? चांगला डोया बांधला तं पोरीले सूत दिसत नाही. कांड्या काय तू भरशील? अन् तो डावा तसाही निकामी. पट्टी तं आहे ना डोयावर!"

"भोंगा वाजला का मी बदलून टाकतो, बाबा," जया म्हणाली. तिला वाटलं, शाबासकी मिळेल.

"कधीपासून?"

"पयल्यापासून."

देवाजीनं पट्टी सोडली आणि उजव्या डोळ्यावर बांधली.

त्यानं रात्रपाळी मागून घेतली. दिवसा झोपायचं सोडून जयासमोर बसे, उजवा डोळा झाकून तिला तांदूळ निवडायला लावी.

"काहीच दिसून नाही राहिलं गा, बाबा!"

"दिसते वं बाई. पाह्य नीट. अजून पाह्य."

ती रडे. तिनं वेचलेले खडे तो परत ताटात टाकी. दोन वर्षांची मुदत उलटल्यावर डॉक्टरांनी थांबायला सांगितलं, दुसऱ्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. तरी त्यानं पट्टी सोडली नाही. शेवटी जयानंच ती चुलीत टाकली.

जया आता वीस वर्षांची आहे. उजवा डोळा झाकला, तर समोर माणूस आहे एवढं तिला कळतं. कोण आहे, ते कळत नाही.